‘नो’ म्हणजे ‘नको’ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत परकीय भाषांची तोंडओळख करून देणाऱ्या सदरात स्पॅनिशमधील आज्ञार्थी वाक्यांवर मजकूर आला आहे. मराठी वर्तमानपत्राने अशा विषयाला अर्धे पान द्यावे याचा मला आनंद झाला आणि म्हणूनच त्यातील एका चुकीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. त्या मजकुरात असे म्हटले आहे की, स्पॅनिशमध्ये एखाद्याला काही करण्याची मनाई करायची असेल, तर आज्ञेच्या क्रियापदापूर्वी ‘नो’ हा शब्द ठेवला की काम भागते. उदाहरणादाखल तीन जोड्या छापल्या आहेत. ‘सिएर्रा’ म्हणजे ‘बंद कर’, म्हणून ‘नो सिएर्रा’ म्हणजे ‘बंद करू नको’. ‘दुएर्मे’ म्हणजे ‘झोप’, म्हणून ‘नो दुएर्मे’ म्हणजे ‘झोपू नको’. आणि ‘सिएन्ताते’ म्हणजे ‘बस’, म्हणून ‘नो सिएन्ताते’ म्हणजे ‘बसू नको’. या तिन्ही जोड्यांतला पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा चूक आहे. मी दादरला घरच्या घरी गेली २२ वर्षे स्पॅनिशच्या शिकवण्या घेते. हीच चूक मी दर जूनमध्ये नव्या वह्यांत पाहते. छापून आलेली मात्र पहिल्यांदाच पाहिली.

चूक म्हटल्यावर वाचकांना वाटेल की, ऐकणाऱ्याच्या कानाला थोडे खटकेल, पण अर्थ तर पोचेल. तसे होत नाही, कारण ‘नो सिएर्रा’ आणि ‘नो दुएर्मे’ ही दोन्ही स्पॅनिशमधली निर्दोष वाक्ये आहेत. त्यांचा अर्थ तेवढा मनाईचा नाही. ‘नो दुएर्मे’ म्हणजे ‘तो झोपत नाही’ किंवा ‘ती झोपत नाही’. ‘ला पुएर्ता नो सिएर्रा’ असे म्हटले, तर दार नीट लागत नाही अशी तक्रार होते, जी आमच्या जुन्या इमारतीत श्रावण संपेपर्यंत घरोघरी चालू असते. तिसरे ‘नो सिएन्ताते’ मात्र सरळसरळ अशुद्ध आहे, त्यामुळे ते ऐकून समोरचा निदान दुरुस्त तरी करील. पहिल्या दोन वाक्यांत दुरुस्त करण्यासारखे काही आहे, हेच समोरच्याच्या ध्यानात येत नाही. बरोबर रूपे ‘नो सिएर्रेस’, ‘नो दुएर्मास’ आणि ‘नो ते सिएन्तेस’ अशी आहेत. (स्पॅनिश शब्द मी लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, स्पेनमध्ये ‘सिएर्रा’तला पहिला ‘स’ जिभेचे टोक दातांत धरून उच्चारतात.)

हा बारकावा केवळ परीक्षेपुरता नाही. माझ्याकडे येणारा एक तरुण ऐरोलीच्या एका कार्यालयात रात्रपाळीला मेक्सिकोतल्या ग्राहकांचे फोन घेतो. फोन ठेवणे याला स्पॅनिशमध्ये ‘कोल्गार’ म्हणतात. क्रियापदाचा मूळ अर्थ टांगणे असा आहे, कारण जुन्या काळी भिंतीवरच्या फोनचा कर्णा आकड्याला अडकवून ठेवत. एका रात्री ग्राहकाची माहिती संगणकावर उघडेना, तेव्हा त्याला ‘जरा थांबा, फोन ठेवू नका’ असे सांगायची वेळ आली. ‘कुएल्गा’ हे आज्ञार्थाचे रूप पाठ होतेच. त्याच्या आधी ‘नो’ लावून आणि पुढे ‘पोर फाबोर’ जोडून त्याने वाक्य सोडले. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही आणि मग प्रश्न आला, ‘किएन नो कुएल्गा?’, म्हणजे ‘कोण फोन ठेवत नाही?’ आमच्या या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे ‘मी’ असे उत्तर दिले. ग्राहकाने फोन ठेवला. विद्यार्थ्याला म्हणायचे होते ‘नो कुएल्गे’. शेवटच्या ‘आ’च्या जागी ‘ए’, एवढाच काय तो फरक.

हा फरक एका स्वरावर का अवलंबून राहतो, हे मराठी माणसाला समजावून सांगणे इंग्रजी माणसाला समजावण्यापेक्षा सोपे आहे, असे माझे मत आहे. आणि आपल्या सदरात नेमकी हीच संधी वाया गेली. मराठीत नुसते विधान नाकारायचे असेल तर ‘नाही’ हा शब्द आहे आणि मनाई करायची असेल तर ‘नको’ आहे. ‘तू झोपत नाहीस’ आणि ‘तू झोपू नकोस’ ही वाक्ये अर्धवट झोपेत ऐकली तरी कोणी एकाच्या जागी दुसरे धरणार नाही. स्पॅनिशकडे या दोन्ही कामांसाठी ‘नो’ हा एकच शब्द आहे. तोच ‘नाही’चे काम करतो, तोच ‘नको’चे करतो, प्रश्नाला नकारार्थी उत्तर द्यायचे झाले तरी तोच धावून येतो. नकाराचा शब्द एकच असल्यामुळे विधान कोणते आणि मनाई कोणती, हे सांगण्याचा सारा भार क्रियापदाच्या शेपटावर येऊन पडतो. ‘नो दुएर्मेस’ म्हणजे ‘तू झोपत नाहीस’ आणि ‘नो दुएर्मास’ म्हणजे ‘तू झोपू नकोस’. मी मुलांना सांगते की, स्पॅनिश ‘नो’ म्हणजे आपल्या ‘नको’तला नुसता ‘न’ आहे आणि उरलेला ‘को’ क्रियापदाच्या टोकाला जाऊन बसला आहे. व्याकरणकारांना ही फोड रुचणार नाही याची मला कल्पना आहे, परंतु सातवी-आठवीच्या मुलांना ती दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

मनाई करताना क्रियापदाने वेगळे रूप घ्यावे, यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. आपणही ‘बस नको’ म्हणत नाही, ‘बसू नको’ म्हणतो. ‘जा’चे ‘जाऊ’ होते, ‘दे’चे ‘देऊ’ होते. आज्ञार्थाचे रूप आपल्याकडेही मनाईच्या वाक्यात चालत नाही, ते बाजूला ठेवून दुसरे रूप आणावे लागते. स्पॅनिशमध्ये हे दुसरे रूप ‘सुबखुन्तीबो’ या अर्थातून येते, ज्याला आपल्या व्याकरणातला विध्यर्थ बराचसा जवळचा आहे. ते करण्याची रीत अशी की, वर्तमानकाळातले ‘मी’चे रूप घ्यावे, शेवटचा ‘ओ’ काढावा आणि स्वरांची अदलाबदल करावी. म्हणजे ज्या क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी ‘आर’ असेल त्याला ‘एस’ लावावे आणि ज्याच्या शेवटी ‘एर’ किंवा ‘ईर’ असेल त्याला ‘आस’ लावावे. ‘सेर्रार’पासून ‘सिएर्रो’, त्यावरून ‘नो सिएर्रेस’. ‘दोर्मीर’पासून ‘दुएर्मो’, त्यावरून ‘नो दुएर्मास’. ‘पेदीर’ म्हणजे मागणे, त्यापासून ‘पीदो’, त्यावरून ‘नो पीदास’. ‘मी’च्या रूपापासून निघाल्यामुळे धातूतला बदल आपोआपच बरोबर येतो, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. जाणे, असणे, देणे अशी पाच-सहा क्रियापदे या रीतीला जुमानत नाहीत; ती तोंडपाठच करावी लागतात आणि त्याला इलाज नाही.

येथे आपल्या सदरलेखकाची एक बाजू मांडणे न्यायाचे होईल. समोरच्या व्यक्तीला ‘उस्तेद’ म्हणून, म्हणजे आपण ‘तुम्ही’ म्हणतो तसे मानाने संबोधायचे असेल, तर त्यांचा नियम चालतो. ‘सिएर्रे’ म्हणजे ‘बंद करा’ आणि ‘नो सिएर्रे’ म्हणजे ‘बंद करू नका’; कारण मानार्थी आज्ञेचे रूपच मुळात विध्यर्थातून घेतलेले असते, त्यामुळे आधी ‘नो’ आल्याने त्यात बदलण्यासारखे काही उरत नाही. अडचण ‘तू’पाशी आहे, आणि छापलेली तिन्ही उदाहरणे ‘तू’चीच आहेत. ऐरोलीचा आमचा विद्यार्थी फसला तोही ग्राहकाला ‘तू’ची आज्ञा देऊन तिला ‘नो’ जोडण्याच्या नादात. मानाचे रूप आधी आठवले असते तर बिचारा सुटला असता.

धातूतला स्वर मुळात बदलतो कशासाठी, हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतेच, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मी वर्गाला वसईच्या किल्ल्यावर नेते, कधी खरोखर तर बहुतेक वेळा फळ्यावरच. त्या किल्ल्याला दोन मुख्य दरवाजे आहेत, एक समुद्राकडचा आणि एक जमिनीकडचा. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत जमिनीकडच्या दरवाजाला ‘पोर्ता दा तेर्रा’ म्हणत. हेच नाव स्पॅनिशमध्ये सांगायचे तर ‘पुएर्ता दे ला तिएर्रा’ असे होईल. दोन्ही भाषा लॅटिनच्याच लेकी आहेत, पण लॅटिनमधल्या ऱ्हस्व ‘ओ’ आणि ऱ्हस्व ‘ए’ यांच्यावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, आला की स्पेनमधल्या कास्तिल प्रांताच्या लोकांच्या तोंडी त्यांचे ‘उए’ आणि ‘इए’ झाले आणि पोर्तुगीजांनी त्यांना हात लावला नाही. ज्या अक्षरावर आघात नव्हता तिथे मात्र स्पॅनिशमध्येही जुना स्वर टिकून राहिला. ‘दोर्मीर’मध्ये आघात ‘मीर’वर आहे, म्हणून ‘दो’ तसाच राहतो; ‘दुएर्मे’ आणि ‘नो दुएर्मास’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर येतो, म्हणून ‘दो’चा ‘दुए’ होतो. क्रियापद लहरी आहे असा मुलांचा समज असतो; ते लहरी नसून आघाताच्या मागे जाणारे आहे, एवढे कळले की निम्मी धास्ती जाते.

म्हणूनच ‘आपण’च्या रूपात ‘सेर्रार’ मूळ स्वरावर परत येते. ‘आपण बंद करू नये’ याला ‘नो सेर्रेमोस’ म्हणतात, कारण आघात मागे सरकून ‘रे’वर गेलेला असतो. ‘बोल्बेर’ म्हणजे परतणे, त्याचे ‘नो बुएल्बास’ होते, पण ‘नो बोल्बामोस’ होते. ‘ईर’ने संपणारी क्रियापदे मात्र इथेही स्वस्थ बसत नाहीत, ‘नो दोर्मामोस’ असे व्हायला हवे होते तिथे ‘नो दुर्मामोस’ होते, ‘मेन्तीर’ म्हणजे खोटे बोलणे याचे ‘नो मिन्तामोस’ होते आणि ‘पेदीर’ तर सगळीकडेच ‘पि’ करून मोकळे होते. अर्जेंटिनात आणखी एक गंमत पाहायला मिळते. तिथे ‘तू’साठी ‘बोस’ हा शब्द आहे आणि ‘बंद कर’ याला आघात शेवटी ठेवून ‘सेर्रा’ असे म्हणतात, म्हणजे आज्ञेत धातूचा स्वर बदलतच नाही. परंतु मनाई करताना तिथले शिकलेसवरलेले लोक बहुधा ‘नो सिएर्रेस’ असेच म्हणतात. अशा ठिकाणी आपल्या सदरातला नियम कोणत्याच टोकाने लागू पडत नाही. बोलण्याच्या ओघात तिथे ‘नो सेर्रेस’ही ऐकू येते, पण नवशिक्याने त्या वाटेला न गेलेले बरे.

धातूचा स्वर बदलून केलेली मनाई मराठीत नाहीच असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर दोन मिनिटे उभे राहून रिक्षांच्या मागच्या काचा वाचाव्यात. ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे वाक्य त्यांना हमखास दिसेल. मूळ धातू ‘भी’, दीर्घ. मनाई करताना झाला ‘भिऊ’, ऱ्हस्व. ‘पी’चे ‘पिऊ नको’ होते, ‘धू’चे ‘धुऊ नको’ होते. शेवटी असलेला स्वर दीर्घ आणि त्याच्यापुढे काही येऊन बसले की तोच ऱ्हस्व, हा आपला नियम आहे, स्पॅनिशचा नियम आघाताचा आहे, आणि दोन्ही एकच आहेत असा माझा दावा नाही. पण अक्षराची जागा बदलली की स्वराचे वजन बदलते, ही जाणीव ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘दूध’चे ‘दुधात’ करणाऱ्या मुलाच्या कानात लहानपणापासून असते आणि स्पॅनिश शिकवताना ती वापरली जात नाही. आपल्याकडे ही भाषा शिकवली जाते ती इंग्रजी पुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांत स्वर बदलणाऱ्या रूपांभोवती बुटाच्या आकाराची रेघ काढलेली असते. माझ्या एका विद्यार्थिनीला तो बूट तंतोतंत काढता येत असे, अगदी नाडीसकट. रूपे मात्र येत नसत. (रिक्षावरच्या त्या वाक्यातल्या ‘भिऊ नकोस’ला स्पॅनिशमध्ये ‘नो तेमास’ म्हणतात आणि त्यात धातूचा स्वर जागचा हलतही नाही. मी मुद्दाम ते फळ्यावर लिहिते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ‘इए’ करण्याची खोड मोडते.)

‘सिएन्ताते’च्या जोडीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण तीत चुका दोन आहेत. ‘ते’ हे सर्वनाम आज्ञेत क्रियापदाच्या मागे चिकटते आणि मनाईत सुटून क्रियापदाच्या आधी येते, म्हणून ‘नो ते सिएन्तेस’. हे एवढ्यावर थांबत नाही. ‘सेन्तार्से’ म्हणजे बसणे आणि ‘सेन्तीर्से’ म्हणजे वाटणे, जाणवणे. दोन्ही क्रियापदांत ‘ए’चा ‘इए’ होतो आणि मनाई करताना दोघांच्या शेवटच्या स्वरांची अदलाबदल होते. परिणामी ‘नो ते सिएन्तेस’ म्हणजे ‘बसू नकोस’ही होते आणि ‘तुला वाटत नाही’ असेही होते. तर ‘नो ते सिएन्तास’ म्हणजे ‘तू बसत नाहीस’ही होते आणि ‘वाटून घेऊ नकोस’ असेही होते. चारही अर्थ एका कागदावर दोन रकान्यांत मांडून पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. पुढे ‘बिएन’ म्हणजे ‘बरे’ असा शब्द आला की, तुला बरे वाटत नाही असे म्हणायचे आहे हे कळते, आणि खुर्चीकडे बोट दाखवले की बसू नकोस हे कळते. आपल्या सदरलेखकाने नवशिक्यांसाठी नेमके हेच क्रियापद निवडावे, याचे मला थोडे कौतुकही वाटले.

लिपीमुळे होणारा एक त्रास देवनागरीत लिहिणाऱ्याला सोसावा लागत नाही, हेही सांगून टाकते. ‘एम्पेसार’ म्हणजे सुरू करणे, त्याचे ‘नो एम्पिएसेस’ होताना रोमन लिपीत झेड जाऊन सी येतो. ‘कुएल्गा’चे ‘नो कुएल्गेस’ होताना जीच्या मागे एक मुका यू घालावा लागतो, नाहीतर ‘ग’चा उच्चार ‘ख’ होतो. ‘खुगार’ म्हणजे खेळणे, त्याच्या ‘नो खुएगेस’मध्येही तेच होते. पुस्तकांत यासाठी स्वतंत्र धडे असतात. देवनागरीत ‘स’ हा ‘स’ राहतो आणि ‘ग’ हा ‘ग’ राहतो. मी पहिला महिनाभर मुलांना रूपे देवनागरीतच लिहायला लावते. काही पालकांना ते मागासलेपणाचे वाटते, पण त्यामुळे उच्चारात काय बदलले आणि केवळ लेखनात काय बदलले, हे दोन प्रश्न मुलांच्या डोक्यात वेगळे राहतात.

सार्वजनिक पाट्यांचा प्रश्नही वाचकांच्या मनात येईल. स्पॅनिश भाषक देशांत गेलेल्यांनी ‘नो फुमार’ (धूम्रपान करू नये), ‘नो पिसार एल सेस्पेद’ (हिरवळीवर पाय ठेवू नये) अशा पाट्या पाहिल्या असतील आणि त्यांत क्रियापद मूळ रूपातच असते. पाटी कोणा एकाला उद्देशून नसते, म्हणून ते चालते. आपल्याकडेही बोलताना ‘थुंकू नका’ म्हणतात आणि भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ असे लिहितात. पण पाटीवरची भाषा घरात बोलली तर जे होईल तेच तिथेही होईल. मुलाला ‘आता झोपू नये’ असे कोणी बजावत नाही.

आपणास विनंती एवढीच की, येत्या रविवारी ही दुरुस्ती छापावी आणि ती छापताना जोड्या न करता तिन्ही रूपे शेजारी शेजारी द्यावीत. ‘दुएर्मे’ म्हणजे झोप, ‘नो दुएर्मे’ म्हणजे तो झोपत नाही, ‘नो दुएर्मास’ म्हणजे झोपू नको. ‘सेर्रार’ आणि ‘सेन्तार्से’ यांचेही तसेच करावे. शक्य असल्यास दुरुस्ती चार ओळींत कोपऱ्यात न देता मूळ मजकुराएवढ्या जागेत द्यावी. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी ते अर्धे पान कापून वहीत चिकटवले आहे, आणि तेवढ्याच मापाचा कागद मिळाला तर त्यांना तो वरून चिकटवता येईल.

कळावे,

आपली,
एक वाचक व स्पॅनिश शिक्षिका
दादर (पश्चिम), मुंबई